सरदारणीची भाषा

चतुराबाईंना आमच्या गल्लीत कुणी चांगलं म्हणत नव्हतं आणि वाईट म्हणायची कुणाची छाती नव्हती. गौलीगुड्यातल्या आमच्या घराची रस्त्याकडची खोली त्यांनी भाड्याने घेतली होती. नाटकात काम करणारी बाई घरात ठेवली म्हणून माझ्या आत्याने आमच्याकडे जेवणं सोडलं. वडील म्हणाले, "बरं झालं, तिला आमटी कधी पसंत पडायचीच नाही." माझे वडील, एकनाथराव, काचीगुडा स्टेशनच्या पार्सल ऑफिसात होते. नाटक म्हटलं की ते तहानभूक विसरायचे, आणि आमची आई त्यांना तहानभुकेची आठवण करून द्यायची.

चतुराबाई मूळच्या जिंतूरकडच्या. आई तमाशाच्या फडात नाचायची, तेव्हा पाळणा फडातच बांधलेला. परकर नेसायच्या वयात त्या एका संगीत नाटक कंपनीत गेल्या. तिथे बाळकृष्ण झाल्या, ध्रुव झाल्या, अंगाने भरल्यावर सख्या आणि दासी झाल्या. नायिकेचं काम मालकाच्या बायकोकडे असे आणि दात पडायला आले तरी ती काही ते सोडत नव्हती. मग कंपनी हैदराबादला आली आणि इथेच बसली. मालक पडदे आणि पेट्या विकून मुलखाला परतला. पडद्यांना गिऱ्हाईक मिळालं, नटांना मिळालं नाही. चतुराबाई सुलतान बाजारातल्या एका खाणावळीत पोळ्या लाटू लागल्या. तिथे जेवायला येणाऱ्या हिम्मतरावांनी एकदा आतून पद ऐकलं आणि हात न धुताच ते स्वयंपाकघरात शिरले.

हिम्मतराव महसूल खात्यात हेडक्लार्क. सरकारी कचेऱ्यांतल्या मराठी कारकुनांची त्यांनी एक हौशी मंडळी काढली होती. शिक्षण सगळं उर्दूत, कचेरी उर्दूत, रागावले तर शिव्याही उर्दूत. पण मराठीवर त्यांचा जीव असा होता, की आमची आई म्हणायची, बायकोवर एवढा असता तर इंदुताईंनी जरा अंग धरलं असतं. मंडळीला अडचण एकच होती. कारकुनांच्या बायका रंगमंचावर पाय ठेवणार नाहीत. म्हणून हिशेब खात्यातला एक थोराड कारकून मिशी काढून नायिका व्हायचा, आणि रडण्याच्या प्रवेशाला लोक मनसोक्त हसून घ्यायचे. चतुराबाई आल्या आणि ते हसणं थांबलं.

हिम्मतरावांनी त्यांच्यासाठी स्वतः नाटक लिहिलं. किल्ला हरून घरी परतलेला सरदार आणि त्याला दारातच थांबवणारी त्याची बायको. सरदार अर्थात हिम्मतराव. चतुराबाईंना वाचता येत नव्हतं, म्हणून आमच्या माडीवर बसून हिम्मतराव एकेक वाक्य म्हणायचे आणि चतुराबाई ते तसंच्या तसं उचलायच्या. शब्द हिम्मतरावांचा, चढउतार त्यांचा, श्वास घ्यायची जागासुद्धा त्यांचीच. फक्त आपलीच वाक्यं आणि समोरच्याच्या वाक्याचे शेवटचे दोन शब्द, एवढंच पाठ करायचं, अशी मंडळीची पद्धत. एक नियम मात्र कडक होता. एरवी काय वाटेल ते बोला, सरदारीण बोलताना उर्दूचा एक शब्द येता कामा नये, तेलुगूचा तर वाराही नको.

एरवी चतुराबाई आमच्यासारख्याच बोलायच्या. मला म्हणायच्या, "भामे, काय करायलीस? चाय ठेव जरा, लई परेशान झाले बघ." आणि तीच बाई शाळेच्या पटांगणात उभ्या केलेल्या रंगमंचावर चौकटीला हात लावून म्हणायची, "दार उघडं आहे, स्वामी. पण ते हरलेल्या माणसासाठी उघडं नाही." हे ऐकून काचीगुड्यातले, नल्लकुंट्यातले संसारी बाप्ये डोळे पुसायचे. आईसुद्धा पुसायची आणि घरी आल्यावर म्हणायची, "ही आपल्याकडची चतुरा नव्हेच." चतुराबाईंनाही तसंच वाटत असावं. आयुष्यात कधी नव्हे ती त्यांना नायिका मिळाली होती आणि नायिकेबरोबर एक भाषा मिळाली होती, जिच्यात त्यांना कुणी अगं-तुगं करत नव्हतं.

मग छप्पन साल आलं. भाषावार राज्यं होणार म्हणून सगळे आनंदात. वडिलांनी पेढे वाटले आणि हिम्मतरावांनी भाषण केलं. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले: तेलुगू तुकडा आंध्राला, कानडी म्हैसूरला, आपला मराठवाडा मुंबईला. पेढे संपल्यावर लोकांच्या ध्यानात आलं, की मुलूख जातो तशी माणसंही जातात. कचेऱ्यांतल्या मराठी नोकरदारांचं वाटप झालं. कुणी औरंगाबादला, कुणी नांदेडला, कुणी थेट मुंबईला. आम्ही रेल्वेचे, म्हणून राहिलो. मंडळीतले कारकून एकेक करून निघाले आणि संक्रांत येईपर्यंत आमची माडी रिकामी झाली. चतुराबाईंचं वाटप कोण करणार? त्या कुठल्याच खात्यात नव्हत्या.

औरंगाबादला निघालेल्या हिम्मतरावांना पोहोचवायला आम्ही काचीगुड्याला गेलो होतो. मनमाडची गाडी उभी, डब्यात पितळेची भांडी, गाद्या, इंदुताईंची तुळस. हिम्मतराव सगळ्यांशी बोलून झाल्यावर चतुराबाईंकडे वळले. त्या डोक्यावर पदर घेऊन वडिलांच्या मागे उभ्या होत्या.

"चतुराबाई, बस्तान बसलं की मंडळी पुन्हा उभी करतो. तुम्हाला बोलावून घेतो. तोवर तेवढी भाषा बिघडू देऊ नका."

गाडी सुटताना माणूस काय काय बोलतो. वडिलांना त्यांनी घर बांधल्यावर वास्तुशांतीला बोलावलं होतं, मला औरंगाबादची हिमरू शाल पाठवणार होते. आम्ही ते प्लॅटफॉर्मवरच सोडून घरी आलो. पण चतुराबाईंनी त्या माणसाच्या तोंडचा शब्द आजवर कधी इकडचा तिकडे केला नव्हता. त्यांनी हेही तसंच उचललं.

दुसऱ्या दिवसापासून त्या घरातही सरदारणीसारख्या बोलू लागल्या. "भामे, जरा पाणी देतेस का?" चाय गेली, चहा आला. परेशान व्हायचं सोडून त्या व्याकुळ होऊ लागल्या. आईला हसू आवरेना. भाजीवाल्या मल्लम्माशी बोलावं लागू नये म्हणून त्या वांग्याकडे बोट दाखवायच्या, मग बोटांनीच भाव पाडायच्या. मल्लम्माला वाटलं, बिचारीची वाचा गेली. तिने कुठल्याशा दर्ग्यातून धागाही आणून दिला. चतुराबाईंनी तो मुकाट्याने बांधून घेतला, कारण नको म्हणायचं तर बोलावं लागलं असतं!

आम्ही हसत होतो, पण पोटाचं काय? मंडळीचा पेटीवाला अंबाजी हैदराबादेतच राहिला होता. तो त्यांना रेडिओवर आवाजाची चाचणी द्यायला घेऊन गेला, मीही बरोबर गेले. काचेपलीकडच्या साहेबांनी सांगितलं, तुमच्या नाटकातलं काही म्हणा. चतुराबाईंनी आपलं वाक्य म्हटलं आणि थांबल्या. पुढचं वाक्य सरदाराचं होतं आणि ते त्यांना येत नव्हतं. तो बोलून होईल एवढा वेळ त्या समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या, चेहऱ्यावर राग आला, मग दया आली, आणि मग त्यांनी आपलं दुसरं वाक्य म्हटलं. समोर हिम्मतराव नसताना त्या हिम्मतरावांचं ऐकत होत्या. रेडिओला चेहरा थोडाच दिसतो! साहेब भला माणूस होता, म्हणाला, "बाई, पाठांतर करून पुन्हा या." त्या पुन्हा गेल्या नाहीत.

मग अंबाजीने त्यांना वीरय्याच्या कंपनीत लावून दिलं. वीरय्याची तेलुगू पौराणिक नाटकांची फिरती कंपनी होती आणि तिचा तंबू वर्षातले बरेच महिने शहरातच असायचा. तिथे चतुराबाईंनी एकच अट घातली: बोलणार नाही. वीरय्याने कपाळाला हात लावला, पण बाई उभी राहिली की नजर ठरते हे त्याला कळत होतं. मग त्या देवळातली देवी झाल्या, शापाने शिळा झालेली ऋषिपत्नी झाल्या, युद्धानंतरचं प्रेत झाल्या. अमीरपेठेकडच्या स्टुडिओत सिनेमाच्या गर्दीत डोक्यावर घागर घेऊन फिरल्या. मारवाड्यांच्या लग्नात लक्ष्मी होऊन हत्तीशेजारी बसल्या. लोक विचारत, बाई काय करतात, तर वडील सांगत, "कलावंत आहेत." आणि आत येऊन म्हणत, "प्रेताचं काम करणारी कलावंत मी पहिलीच पाहिली."

एका उन्हाळ्यात वीरय्याची मुख्य बाई तबल्यावाल्याबरोबर पळून गेली. तो स्वतः आमच्या दारात आला. कर्णाच्या आईचं काम, सगळ्या नाटकात सगळ्यात मोठं, आणि पुढे कायमची आईची कामं. शिकवायला माणूस देतो म्हणाला. कानाने शिकणाऱ्या बाईला तेलुगू काय अवघड होतं? तीन वर्षं तंबूत उभी राहून तिने ती भाषणं शेकडो वेळा ऐकली होती. चतुराबाई नाही म्हणाल्या.

अंबाजी चिडला. "अहो बाई, नशीब चालत आलंय दारात! पेटीला काय मराठी आणि काय तेलुगू? सूर तो सूर."

"पेटीला जीभ नसते, अंबाजी. एकदा तिकडचा हेल बसला की सरदारणीचं वाक्य तोंडात वाकडं होईल. त्यांनी बोलावलं तर मी काय घेऊन जाऊ?"

"कोण बोलावतंय?"

"बोलावतील."

मला तेव्हा त्यांचा असा राग आला, की वाटलं खांदे धरून हलवावं. मनमाडच्या गाडीवरचे गार्ड वडिलांना औरंगाबादच्या बातम्या सांगत. मंडळी उभी राहिली, स्पर्धेत उतरली, बक्षीस मिळालं. वडील ते घरात सांगत नसत. पण भिंतीपलीकडे कान होते. बक्षीस मिळाल्याचं कळलं त्या दिवशी चतुराबाईंनी गूळखोबरं वाटलं. "आधी सोपी नाटकं करत असतील," म्हणाल्या. "आपलं काढायला माझ्याशिवाय कसं जमेल?"

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या हिवाळ्यात हैदराबादच्या मराठी लोकांनी हिम्मतरावांच्या मंडळीला बोलावलं. नाटक तेच, सरदाराचं. बातमी आली तेव्हा चतुराबाईंनी खोलीचं दार लावून घेतलं आणि दिवसभर आतून वाक्यं ऐकू येत राहिली. एक वाक्य, मग शांतता, मग पुढचं वाक्य. वीरय्याला त्यांनी अंबाजीकरवी कळवलं, आता येणार नाही. नऊवारीची घडी मोडली. मी म्हटलं, "तुम्हाला त्यांचा निरोप आलाय का?" तर म्हणाल्या, "ते स्वतःच येतायत, निरोप कशाला?"

हिम्मतराव आले ते इंदुताईंना घेऊन आमच्याकडे चहाला. केस पिकलेले, अंगावर बंद गळ्याचा कोट, आणि बोलणं पार बदललेलं. एकनाथ, कैसे हो, म्हणणारा माणूस "नमस्कार, काय म्हणताय?" म्हणून आत आला. इंदुताई पूर्वी पदराआड बोलायच्या, आता खुर्चीत बसल्या होत्या. चतुराबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. हिम्मतराव उठले, खरंच आनंदाने उठले, "अरे, चतुराबाई! आहात का इथेच?" म्हणाले.

हे ऐकूनही त्यांना काही कळलं नाही. त्या म्हणाल्या, "सगळं पाठ आहे. एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं नाही. बघा." आणि चहाचे कप मध्ये असतानाच त्यांनी चौकटीला हात लावला आणि सुरुवात केली. दार उघडं आहे, स्वामी. इंदुताईंनी मान खाली घातली. वडील माझ्याकडे बघेनात, आई तर केव्हाच स्वयंपाकघरात गेली होती. चतुराबाईंनी सगळं भाषण म्हटलं, शेवटच्या शब्दापर्यंत, आणि हिम्मतरावांकडे बघितलं.

हिम्मतरावांनी कप बशीत ठेवला. "काम आता ही करते," ते इंदुताईंकडे न बघता म्हणाले. "तिकडे शिकलेल्या घरच्या बायका करतात आता. आणि दुसरंही आहे, चतुराबाई. राग मानू नका. तुमच्या बोलण्याला हेल आहे. हैदराबादी. तिकडे तो चालत नाही."

"हेल?" चतुराबाई म्हणाल्या. "मी तर कुणाशी बोललेसुद्धा नाही."

"तसं नव्हे हो. पहिल्या वर्षी मी स्वतः उभा राहिलो. किल्ला हरून आलेला सरदार, आणि लोक हसले. माझ्या मराठीला हसले. कचेरीत निजामाचा माणूस म्हणायचे मला. घासून घासून जीभ बदलली तेव्हा कुठे..." ते थांबले. "आपण इथे जी शुद्ध समजत होतो, ती तशी नव्हतीच."

मी कॉलेजात होते, मला गप्प राहवत नसे. मी म्हटलं, "काका, तो हेल त्यांना कुणी शिकवला? या माडीवर बसून कुणी शिकवला?"

"भामे, आत जा," वडील म्हणाले.

मी गेले नाही. हिम्मतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं हे मी बघितलं, म्हणून त्यांना पूर्ण वाईट म्हणता येत नाही आणि त्याचाच मला जास्त त्रास होतो. त्या माणसाला स्टेशनवर काय बोललो ते आठवतही नव्हतं. चतुराबाईंनी त्याची आठवण करून दिली नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "दासीचं काम? चार शब्दांचं असतं ते."

"चार शब्दसुद्धा ऐकू येतात ना," हिम्मतराव हळूच म्हणाले.

नाटकाला त्या आल्या, माझ्या शेजारी बायकांच्या बाजूला बसल्या. इंदुताईंनी काम वाईट केलं असतं तर माझा राग तरी जागेवर राहिला असता. त्यांनी चांगलं केलं. सुरुवातीला चतुराबाईंचे ओठ हलत होते. मग बदललेली वाक्यं येऊ लागली, नवी, गुळगुळीत, आणि ओठ थांबले. मागे कुणाची तरी मुलं एकमेकांना विचारत होती, "क्या बोल रई?" टाळ्या मात्र पडल्या.

त्यानंतर त्या वीरय्याकडे गेल्या आणि म्हणाल्या, बोलते. वीरय्याकडे आता आईच्या कामाला दुसरी बाई होती. पण चतुराबाईंचं तेलुगू ऐकून त्याला एक युक्ती सुचली. नाटकाच्या मधल्या जागेत एक विनोदी प्रवेश घालायचा: मोडकंतोडकं तेलुगू बोलणारी मराठी बाई बाजारात येते आणि सगळ्यांशी भांडते. तो प्रवेश तुफान चालला. अंबाजी सांगायचा, तंबूत बसलेले लोक पोट धरून हसतात, बाईने तोंड उघडायचा अवकाश. मी बघायला गेले नाही. ज्या बाईने कारकुनांच्या गर्दीतलं हसणं थांबवलं होतं तिला बघून लोक हसताना मला बघायचं नव्हतं.

आणि घरी त्या आमच्याशीही तेलुगूच बोलू लागल्या. आधी आईला वाटलं थट्टा आहे, मग वाटलं माज आहे, मग आईने नाद सोडला. भाडं देताना, पाणी भरताना, वडील वारले तेव्हा दारात बसून रडतानासुद्धा, तेलुगू. आम्हाला कळायचं. हैदराबादेत कुणाला कळत नाही? पण आम्ही मराठीत बोलायचं आणि त्यांनी तेलुगूत उत्तर द्यायचं, असं करत वर्षं गेली. त्यांचे दात गेले, कंपनी विजयवाड्याकडे गेली, विनोदी प्रवेश दुसऱ्या कुणीतरी उचलला.

मी पुढे मराठी शिकवायला लागले. वर्गात दरवर्षी मुली कमी. उरलेल्यांनाही वाचताना अक्षर अक्षर जोडावं लागायचं. एका वर्षी स्नेहसंमेलनात जुन्या हैदराबादी मराठी नाटकाचं काही दाखवावं असं ठरलं, आणि मला वाटलं, ही संधी आहे. इथल्या मुलींना इथला हेल ऐकू दे. हसणार नाहीत त्या, त्यांचाच हेल आहे तो. मी चतुराबाईंच्या खोलीत गेले. त्या गोंगुऱ्याची, म्हणजे अंबाडीची, पानं निवडत होत्या. मी शेजारी बसले, पानं निवडू लागले आणि सगळं सांगितलं. फार नाही, ते एक भाषण म्हणा. जसं येतं तसं. आम्हाला तेच हवंय.

त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. चेहरा काही म्हातारा झाला नव्हता त्यांचा, ऐकताना तर मुळीच नाही. मग माझ्या हातातली निवडलेली पानं काढून टोपलीत टाकली.

"नाकु मराठी रादु," म्हणाल्या. मला मराठी येत नाही. तेही माझ्याकडे न बघता तेलुगूत सांगितलं, आणि पुढची जुडी सोडायला घेतली.